सुपरटक्सकार्टच्या फाइली उघडताना: कोणती फाइल कशासाठी आणि बदल कुठे करायचा

सेलूतल्या माझ्या संगणक वर्गात सहा यंत्रं आहेत. चार जुनी, सेकंड हॅन्ड घेतलेली, दोन त्यातल्या त्यात बरी. टायपिंगच्या परीक्षा उरकल्या की उन्हाळ्यात दुपारची खोली रिकामी पडते आणि गल्लीतली पोरं येऊन बसतात. तीन उन्हाळे झाले, त्यांच्यासाठी सुपरटक्सकार्ट हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावून ठेवतो. गेम फुकट आहे, कोड जीपीएल परवान्याखाली खुला आहे आणि इंटरनेट नसलं तरी अडत नाही. मला तो आवडतो तो आणखी एका गोष्टीसाठी. या गेमचं बरंचसं वागणं साध्या मजकुराच्या फाइलींत लिहून ठेवलेलं आहे. गाडी किती वेगाने पळेल, किती आवळून वळेल, रस्त्यावरच्या बक्षिसाच्या पेटीतून केक निघेल की बॉलिंगचा गोळा, हे नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतं आणि बदलताही येतं. आठवीतल्या पोराने स्वतः एक आकडा बदलला, गेम चालू केला आणि गाडी खरंच वेगळी पळाली, त्या क्षणी त्याच्या डोक्यात काहीतरी उघडतं. तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप मी करतो, आणि कुणी आपल्या गावात करू पाहत असेल तर त्याचा वेळ वाचावा म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गेमचा इतिहास थोडक्यात. स्टीव्ह बेकर यांचा टक्सकार्ट २००० सालचा. पुढे त्यातूनच सुपरटक्सकार्ट उभा राहिला. २००६ पासून योर्ग हेन्रिक्स आणि त्यांच्यासोबतच्या स्वयंसेवकांनी तो नेटाने पुढे नेला. एप्रिल २०१९ मध्ये १.० आवृत्ती आली आणि नेटवर्कवर एकत्र खेळायची सोय झाली. आपल्याला लागते ती १.० नंतरची कुठलीही आवृत्ती.

आकडे आणि अवतरणचिन्हं

या लेखात फाइलींची आणि आतल्या शब्दांची नावं मी आपण बोलतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष फाइलीत ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत असतात. कॉन्फिग एक्सएमएल (एक्सएमएल म्हणजे कोनी कंसांत लिहिलेल्या मजकुराची फाइल) या फाइलीत शब्द बहुतेक खालच्या रेघेने, म्हणजे अंडरस्कोरने जोडलेले दिसतील. सर्व्हरच्या फाइलीत मधल्या रेघेने.

आकड्यांचं मात्र पक्कं लक्षात ठेवा. इथे मी ३० लिहितोय, फाइलीत तो इंग्रजी अंकातच हवा. आमच्याकडे दिवसभर मराठी टायपिंग चालतं, त्यामुळे कीबोर्ड मराठीवर राहून जातो. एका पोराने मराठी अंकात ३० टाकलं आणि तासभर दोघंही डोकं खाजवत बसलो. नजरेला आकडा बरोबर दिसत होता, गेमला तो कळतच नव्हता. दुसरी काळजी अवतरणचिन्हांची. प्रत्येक किंमत सरळ दुहेरी अवतरणात असते. मोबाइलवरून कॉपी करून आणलेल्या ओळीत ती वाकडी झालेली असतात आणि मग पूर्ण फाइल वाचली जात नाही. ओळ हाताने टाइप करा, हेच बरं.

फाइली कुठे सापडतात

फाइलींचे दोन गट आहेत आणि ते वेगवेगळ्या ठिकाणी राहतात. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धा गोंधळ संपतो.

पहिला गट वापरणाऱ्याचा. स्क्रीन, आवाज, बटणं, खेळाडूंची नावं. लिनक्सवर होम फोल्डरमध्ये डॉट कॉन्फिग नावाचा लपलेला फोल्डर असतो, फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की दिसतो. त्यात सुपरटक्सकार्ट आणि त्याच्या आत कॉन्फिग-०.१०. विंडोजवर रनच्या खिडकीत टक्केचिन्ह, ॲपडेटा, टक्केचिन्ह टाकून एंटर मारा, तिथे सुपरटक्सकार्टचा फोल्डर आहे. गेम १.४ असला तरी फोल्डरचं नाव कॉन्फिग-०.१० असंच राहतं. पुष्कळजण १.४ नावाचा फोल्डर शोधत बसतात. तो नसतो.

या फोल्डरमध्ये तीन फाइली महत्त्वाच्या. कॉन्फिग एक्सएमएलमध्ये सेटिंग, प्लेयर्स एक्सएमएलमध्ये खेळाडू आणि त्यांनी आजवर जिंकलेलं सगळं, इनपुट एक्सएमएलमध्ये बटणं. शेवटच्या फाइलीत बटणांची नावं नसतात, नुसते क्रमांक असतात. ती हाताने बदलण्यात अर्थ नाही, ऑप्शन्समधल्या कंट्रोल्समध्ये जाऊन बटणं ठरवा. एकाच कीबोर्डवर दोघांना बसवायचं असेल तर दुसरा कीबोर्ड संचही तिथेच जोडता येतो.

दुसरा गट गेमचा स्वतःचा. तो गेम जिथे बसवलाय तिथल्या डेटा फोल्डरमध्ये असतो. गाड्यांचा स्वभाव, पेटीतल्या वस्तू, नेटवर्कचे पोर्ट वगैरे तिथे.

काम सुरू करण्याआधी

सॉफ्टवेअर स्टोअरमधून बसवलेल्या गेमच्या डेटा फोल्डरला हात लावू नका. एक तर तिथे लिहायला ॲडमिनची परवानगी लागते, आणि पुढचं अपडेट आलं की तुमचे बदल पुसले जातात. गेमची अधिकृत झिप किंवा टार फाइल उतरवा आणि होम फोल्डरमध्ये उलगडा. लिनक्सच्या गठ्ठ्यात रन गेम नावाची स्क्रिप्ट असते, तिच्यावरून तो तिथल्या तिथे चालतो. आमच्याकडे या फोल्डरचं नाव ‘प्रयोग’ आहे.

अडचण एकच. बसवलेला गेम आणि हा प्रयोग दोघंही एकच कॉन्फिग फोल्डर वापरतात. ते वेगळं करायला सुपरटक्सकार्ट सेव्हडिर नावाचं एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल आहे, म्हणजे गेम सुरू होताना वाचतो अशी बाहेरून दिलेली नोंद. सगळी मोठी अक्षरं, मध्ये एक अंडरस्कोर. गेम सुरू करण्याआधी त्यात दुसऱ्या फोल्डरचा पत्ता भरला की प्रयोगाची सेटिंग तिकडे जातात आणि पोरांची मूळ प्रगती शाबूत राहते. दोन ओळींची छोटी स्क्रिप्ट करून डेस्कटॉपवर ठेवा, रोज टाइप करावं लागत नाही.

मग कॉन्फिग-०.१० फोल्डरची नक्कल काढा, नावापुढे तारीख टाका. गेल्या वर्षी गेम बंद होत असतानाच लाईट गेली. इन्व्हर्टर होता, पण त्या टेबलाची लाइन त्याच्यावर नव्हती. परत चालू केलं तर कॉन्फिग एक्सएमएल रिकामी. गेमला फाइल वाचता आली नाही की तो मुकाट्याने सगळं मूळ स्थितीवर आणतो. नक्कल होती म्हणून दोन मिनिटांत भागलं.

आणखी एक नियम, आणि नवखे सगळे यात एकदा तरी फसतात. गेम चालू असताना कॉन्फिग एक्सएमएल बदलू नका. बाहेर पडताना गेम ही फाइल स्वतः पुन्हा लिहितो, तुमचा बदल त्यात वाहून जातो. आधी गेम पूर्ण बंद, मग फाइल उघडायची.

जुन्या यंत्राला झेपेल असं

कॉन्फिग एक्सएमएल उघडली की प्रत्येक गटाच्या डोक्यावर टिप्पणी दिसेल: कोणता शब्द कशासाठी, ते एकेका ओळीत. खाली खुद्द गट. इंग्रजी साधं आहे. पोरांना मी हा भाग मोठ्याने वाचायला लावतो.

व्हिडिओ नावाच्या गटात मॅक्स एफपीएस, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त किती चित्रं, ते शोधा. सुरुवातीला तिथे १२० असतं. मी ३० करतो. मेमध्ये आमच्याकडे पारा ४२च्या वर जातो, खोलीला पत्रा आहे आणि यंत्रांचे पंखे आधीच घरघरत असतात. सेकंदाला १२० चित्रं काढायला लावली तर ग्राफिक्सचा भाग पूर्ण ताकदीने राबतो, तापतो आणि मग स्वतःच मंदावतो. ३० वर तो निवांत असतो आणि खेळ एकसारखा चालतो. मध्येच झटके बसण्यापेक्षा एकसारखे ३० केव्हाही चांगले.

दुसरा शब्द स्केल आरटीटीएस फॅक्टर. गेम आतल्या आत किती बारकाईने चित्र काढतो, ते यावर ठरतं. १.० म्हणजे स्क्रीनइतकं. ०.५ केलं की लांबी निम्मी, रुंदी निम्मी, म्हणजे ठिपके एक चतुर्थांश. १३६६ गुणिले ७६८च्या स्क्रीनवर साडेदहा लाखांच्या जागी दोन लाख साठ हजारांच्या आसपास. अक्षरं आणि मेनू स्पष्टच राहतात, रस्ता आणि झाडं जरा धूसर होतात. मी ०.७ वर थांबतो. हा आकडा डायनॅमिक लाइट्स चालू असतानाच कामाचा. फारच जुन्या यंत्रावर डायनॅमिक लाइट्स फॉल्स करून टाका, मग सावल्या, चकाकी सगळंच जातं आणि गेम हलका होतो. आमची दोन यंत्रं अशीच चालतात.

याच फाइलीत अनलॉक एव्हरीथिंग नावाची एक सुटी ओळ आहे. ० म्हणजे नेहमीसारखं जिंकून उघडायचं, १ म्हणजे शेवटची शर्यत सोडून सगळं खुलं, २ म्हणजे सगळंच खुलं. दुपारी दीड तास खेळायला येणाऱ्या पोरांसाठी मी २ ठेवतो. घरी एकट्याने खेळणाऱ्याने ० च ठेवावं, जिंकत जिंकत ट्रॅक उघडण्याची मजा वेगळी आहे.

गाडीचा स्वभाव

इथे मी सगळ्यात जास्त वेळ देतो. डेटा फोल्डरमध्ये कार्ट कॅरॅक्टरिस्टिक्स एक्सएमएल नावाची फाइल आहे. तिची रचना थरांची आहे. सगळ्यात खाली बेस, त्यात प्रत्येक गुण पूर्ण आकड्यात लिहिलेला: वजन, इंजिनची ताकद, कमाल वेग, ब्रेक, घसरणं, नायट्रो, च्युइंगगमवर गाडी किती वेळ गरगरेल, सगळं. त्याच्यावर अवघडपणाच्या पातळ्या, त्याच्यावर गाडीचे प्रकार: लाइट, मीडियम, हेवी. वरच्या थरांत पूर्ण आकडा देण्याची गरज नसते, आधी तारांकन आणि मग १.१ असं लिहिलं की खालच्या थरातल्या आकड्याला १.१ ने गुणलं जातं. म्हणजे दहा टक्के वाढ. ०.९ म्हणजे दहा टक्के घट. व्याजाची गणितं नको म्हणणारी पोरं इथे टक्केवारी चुटकीसरशी करतात.

पहिला प्रयोग हा करा. हेवी प्रकारात इंजिनच्या ओळीत कमाल वेग, म्हणजे मॅक्स-स्पीड, दिसेल. तिथला गुणक वहीत लिहून ठेवा, मग तो थोडासाच वाढवा, ०.०५ ने. फाइल साठवा, गेम चालू करा, ओळखीच्या ट्रॅकवर एकट्याने तीन फेऱ्या मारा, वेळ लिहा. मग मूळ आकड्यावर तेच. एका वेळी एकच आकडा. दोन बदलले तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही.

आमच्यातल्या एकाने धीर न धरता थेट बेसमधला कमाल वेग दीडपट केला. सरळ रस्त्यावर सगळे खुश. पहिल्या वळणाला एकूणएक गाड्या बाहेर. तो म्हणाला, “सर, ह्या गाड्या वळायच्याच बंद झाल्या की हो. काहून?” उत्तर त्याच फाइलीत आहे. टर्न नावाच्या ओळीत रेडियस आहे आणि त्याची किंमत जोड्यांमध्ये लिहिलेली असते: आधी वेग, मग कोलन, मग त्या वेगाला गाडी किती मोठ्या वर्तुळात वळेल ते. वेग वाढतो तसं वर्तुळ मोठं होत जातं. वेग दीडपट केला की गाडी कायम मोठ्या वर्तुळाच्या जोडीवर येऊन बसते आणि ट्रॅकचं वळण तेवढं रुंद नसतं. वेग वाढवायचा तर वरच्या वेगाच्या जोडीतलं वर्तुळ थोडं लहान करावं लागतं, आणि फार लहान केलं की गाडी स्टिअरिंगला हात लावताच भोवऱ्यासारखी फिरते. दोन दुपारी आम्ही या एका ओळीवर घालवल्या. पालखी तोलावी तसं हे काम आहे, एक खांदा उचलला की दुसरा सांभाळावा लागतो.

इंजिनची ताकद आणि कमाल वेग या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही इथेच उमगतं. ताकद वाढवली तर गाडी लवकर वेग पकडते, पण वरची मर्यादा तीच राहते. वजन वाढवलं तर धडकेत समोरचा फेकला जातो, पण उचल कमी होते. खूप वळणांच्या ट्रॅकवर हलकी गाडी का जिंकते, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

देवणी नावाची गाडी

नवी गाडी करायला थ्रीडी मॉडेल बनवता यायलाच हवं असं नाही. डेटाच्या आत कार्ट्स फोल्डर आहे, त्यातल्या एका गाडीचा फोल्डर उचला आणि नक्कल वेगळ्या नावाने ठेवा. फोल्डरचं नाव हीच गेमसाठी गाडीची ओळख, म्हणून ते रोमन, लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. आत कार्ट एक्सएमएल आहे. त्यात नेम बदला, टाइपमध्ये लाइट, मीडियम किंवा हेवी यातलं एक लिहा. आरजीबीमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे आहेत, मूळ जसे लिहिलेत त्याच धर्तीवर आपले टाका. साउंड्समध्ये इंजिनचा आवाज लहान की मोठा ते ठरतं. व्हर्जनच्या आकड्याला हात लावू नका, त्यावरूनच गेम ठरवतो की ही गाडी घ्यायची की नाही.

रंग बदलायला फोल्डरमधलं पीएनजी चित्र उघडा, रंगवा आणि त्याच नावाने, त्याच मापात साठवा. आमच्या पोरांनी देवणी केली. लातूरकडच्या देवणी जातीच्या गुरांत शेवरा म्हणतात ना, पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे ठिपके, तसे ठिपके त्यांनी चित्रावर काढले आणि प्रकार हेवी ठेवला. दुसऱ्या गटाने लगेच लाल कंधारी काढली, पूर्ण गर्द तांबडी, मीडियम. नांदेडहून आजोळी आलेलं एक पोरगं अडूनच बसलं होतं की कंधारचा बैल मागे पडता कामा नये.

तयार फोल्डर ॲडऑन्सच्या, म्हणजे वरून जोडलेल्या गोष्टींच्या, कार्ट्समध्येही ठेवता येतो. लिनक्सवर तो होममधल्या डॉट लोकल, मग शेअर, मग सुपरटक्सकार्ट, ॲडऑन्स असा सापडतो. मूळ फोल्डरमधली लायसन्सेस नावाची मजकुराची फाइल काढू नका. मॉडेल कुणीतरी मेहनतीने बनवलेलं आहे, त्याचं नाव आणि परवान्याच्या अटी गाडीसोबत राहिल्या पाहिजेत. गाडी पुढे कुणाला द्यायची असेल तर तुम्ही काय बदललं तेही त्यातच लिहा.

पेटीतल्या वस्तू

डेटामधली पॉवरअप एक्सएमएल ही नुसती वजनांची यादी आहे. किती गाड्या शर्यतीत आहेत, आपण कितव्या क्रमांकावर आहोत, त्यानुसार प्रत्येक वस्तू निघण्याची शक्यता तिच्या आकड्यात असते. आकडा मोठा तशी वस्तू जास्त वेळा निघणार. एकेरी वस्तूची ओळ सिंगल, एकदम तीन मिळतात ती मल्टी. कोणता रकाना कोणाचा ते टिप्पणीत बघा. रकाने मोजताना चूक होते, म्हणून बोट ठेवून मोजा. लहान पोरं बसली असतील तर पहिल्या क्रमांकावरच्याला त्रास देणारा रबरी चेंडू मी कमी करतो, जिंकत आलेलं लेकरू रडायला लागतं.

सहा यंत्रं एका शर्यतीत

यासाठी इंटरनेट लागत नाही, खात्यावर लॉगिनही लागत नाही. एक राउटर पुरे. बऱ्यातलं यंत्र सर्व्हर करा. टर्मिनलमध्ये गेमच्या नावापुढे दोन डॅश, सर्व्हर-कॉन्फिग, बरोबरचं चिन्ह आणि फाइलीचं नाव द्या. ती फाइल नसेल तर गेम सगळ्या सेटिंगसह नवी तयार करून देतो. मग गेम थांबवा आणि फाइल उघडा.

पहिल्यांदा वॅन-सर्व्हर फॉल्स करा, नाहीतर तो बाहेरच्या जगात नोंद करायला जातो आणि लॉगिन मागतो. सर्व्हर-मोडमध्ये ३ म्हणजे साधी शर्यत, ४ म्हणजे घड्याळाशी शर्यत, ६ म्हणजे फुटबॉल. सर्व्हर-डिफिकल्टी ० ते ३. सर्व्हर-मॅक्स-प्लेयर्स मुळात ८ असतं, आम्हाला पुरतं. स्टार्ट-गेम-काउंटर ६० सेकंदांचं असतं, एकाच खोलीत बसलेल्यांना एवढा वेळ बसवत नाही, मी २० करतो. ट्रॅक निवडायचा वोटिंग-टाइमआउट ३० चा तसाच ठेवतो, भांडणं तेवढ्यात मिटतात. सर्व्हर-पोर्ट (नेटवर्कवरच्या दाराचा क्रमांक) ० असेल तर डेटामधल्या एसटीके कॉन्फिग एक्सएमएलमधला पोर्ट घेतला जातो, तो २७५९.

बाकीच्या यंत्रांवर ऑनलाइन, लोकल नेटवर्किंग, मग लॅन सर्व्हर शोधा. दिसला नाही तर सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये यूडीपीचे २७५७ आणि २७५९ हे दोन पोर्ट उघडा. २७५७ वरून शोध लागतो, २७५९ वर खेळ चालतो. तरी दिसेना तर मोबाइलचा हॉटस्पॉट वापरताय का ते बघा. काही हॉटस्पॉट जोडलेल्या यंत्रांना एकमेकांशी बोलू देत नाहीत.

बदललेली कार्ट कॅरॅक्टरिस्टिक्स सहाही यंत्रांवर सारखी असली पाहिजे. आम्ही एकदा फक्त सर्व्हरवर बदलली. गाडी कुठे आहे याचा शेवटचा शब्द सर्व्हरचा असतो, पण तुमचं यंत्र स्वतःच्या फाइलीवरून अंदाज बांधून चित्र काढतं. दोघांचा हिशेब जुळला नाही की गाडी सारखी मागे खेचली जाते, उड्या मारल्यासारखी दिसते. मी आता पूर्ण ‘प्रयोग’ फोल्डर पेनड्राइव्हवरून सगळीकडे टाकतो, सुटी फाइल कधीच नाही. नव्या गाड्यांचे फोल्डरही तसेच. आणि हा बदललेला संच घेऊन बाहेरच्या सार्वजनिक सर्व्हरवर जाऊ नका, तिथे गाडीला हेच झटके बसतील.

काही बिघडलं तर

कॉन्फिग-०.१० फोल्डरमध्येच एसटीडीआउट लॉग नावाची फाइल असते. गेम कुठे अडखळला ते तिथे बहुतेक वेळा फाइलीच्या नावासकट लिहिलेलं असतं. बंद न केलेलं अवतरण, विसरलेला कोनी कंस, चुकलेलं फोल्डरचं नाव, यातलंच काहीतरी निघतं.

नवी आवृत्ती आली की जुनी बदललेली फाइल तशीच तिच्यावर टाकू नका. नव्या फाइलीत नवे शब्द असतात, जुन्या फाइलीत ते नसतात आणि गेम सुरूच होत नाही. त्यासाठी आमच्याकडे दोनशे पानी वही आहे. तारीख, फाइल, शब्द, आधीचा आकडा, नवा आकडा, कुणी बदलला. नवी आवृत्ती आली की वही उघडायची आणि एकेक बदल नव्या फाइलीत हाताने करायचा. टर्न रेडियसच्या पानावर आठ नोंदी आहेत, सात खोडलेल्या. आठवीच्या खाली पेन्सिलीने लिहिलंय, “ही बरोबर आहे, कुणी बदलू नये.”